कराओकेच्या भेंड्या आणि ‘रु’चं संकट

वाचकाचा प्रश्न

मूळच्या नाशिकच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. दोन वर्षांपासून त्या तोक्योत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतात, राहायला निशि-कासाईला आहेत. जपानी भाषेची परीक्षा एन-३ पातळीपर्यंत (एन-१ ही सर्वात वरची) झाली आहे, ऑफिसचं काम व्यवस्थित निभतं. अडचण आहे ती डिसेंबरातल्या बोनेन्काईची, म्हणजे वर्षअखेरच्या पार्टीची. जेवणं उरकली की त्यांची सात जणांची टीम निजिकाईसाठी, म्हणजे दुसऱ्या बैठकीसाठी, कराओके बॉक्समध्ये जाते आणि तिथे शिरितोरी कराओके रंगतो. आधीच्या गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर घ्यायचं आणि त्या अक्षराने सुरू होणाऱ्या नावाचं गाणं पुढच्याने म्हणायचं. ज्याच्या गाण्याचं नाव ‘न्’वर संपलं, तो हरला. गेल्या वर्षी यांच्या वाट्याला ‘रु’ आलं. गाणी निवडायचा टॅबलेट हातात धरून त्या नुसत्या बसून राहिल्या. शेवटी शेजारचा सहकारी म्हणाला, ‘इंग्रजी गाणं म्हटलंस तरी चालेल,’ आणि ते त्यांना फार लागलं. यंदा त्यांनी वहीत जपानी लिपीतली ४६ अक्षरं लिहून काढली आहेत आणि प्रत्येकापुढे एकेक गाणं पाठ करायला घेतलं आहे. अकरा झाली, तीन आठवडे उरले. त्यात त्यांच्या पाठोपाठ पाळी असते ती बुचोसानांची, म्हणजे विभागप्रमुखांची. ते ५८ वर्षांचे, म्हणजे त्यांना एन्का, म्हणजे जुन्या वळणाची भावगीतं, आवडत असणार. त्यांना अवघड अक्षर दिलं तर उद्धटपणा होईल का, हीही काळजी आहे. त्या विचारतात: उरलेली ३५ गाणी कशी निवडू? की यंदा निजिकाईला जाऊच नको?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचून आधी तुमचं कौतुक वाटलं. दिवसभर ऑफिसात परक्या भाषेत काम करून रात्री वही घेऊन बसायचं आणि गाणी पाठ करायची, याला जिद्द लागते. पण ती वही तुम्ही आता मिटावी असं मला मनापासून वाटतं. कारण सांगते.

साधा हिशोब करू. एक गाणं सरासरी चार-साडेचार मिनिटांचं असतं. मध्ये शोधाशोध, हसणं-खिदळणं, पेयं मागवणं आलंच. दोन तासांची खोली घेतली असेल तर पंचवीसएक गाणी होतात. माणसं सात. म्हणजे तुमची पाळी येणार तीन, फार तर चार वेळा. ४६ अक्षरांची तयारी तुम्ही करताय ती चार पाळ्यांसाठी. शिवाय त्या ४६ मधल्या ‘न्’ने काहीच सुरू होत नाही, आणि कर्माच्या प्रत्ययासाठी वापरतात त्या ‘ओ’नेही गाण्याचं नाव सुरू होत नाही. त्या दोन ओळी तर तुम्ही आजच खोडून टाका.

दुसरी गोष्ट, तुम्ही गेल्या वर्षी अडकलात त्या क्षणाबद्दल. आधीच्या माणसाने टॅबलेटवर गाण्याचं नाव टाकलं की त्याच क्षणी तुम्हाला तुमचं अक्षर कळतं. त्यानंतर तो चार मिनिटं गाणार असतो. तेवढा वेळ तुमचाच आहे. माझा अंदाज असा की तुम्ही ते चार मिनिटं शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवत, गाणाऱ्याकडे बघत काढलीत आणि गाणं संपल्यावर शोधायला लागलात. जपानी मंडळी तसं करत नाहीत. बाकीचे गात असताना पुढचा टॅबलेटवर मान खाली घालून शोधत असतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गाण्याच्या नावाने शोधायची सोय डॅम आणि जॉयसाउंड या दोन्ही मोठ्या कराओके यंत्रणांवर आहे. पहिलं अक्षर टाकलं की त्याने सुरू होणारी नावं समोर येतात. एका अक्षराची यादी फार लांबलचक येते, म्हणून दोन अक्षरं टाकावीत, किंवा फोनवर आधीच करून ठेवलेली स्वतःची छोटी यादी उघडावी. फोन बघणं ही नक्कल नव्हे. सगळे बघतात.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तुम्ही गाणी निवडताय ती त्यांच्या पहिल्या अक्षरावरून. आपल्या भेंड्यांची सवय असलेल्या कुणालाही तेच सुचेल. ‘अमुक अक्षर आलं तर काय म्हणू’ ही भीती आपण लहानपणापासून ओळखतो. पण तुम्हाला कोणतं अक्षर मिळेल हे तुमच्या हातात नाही. कोणतं अक्षर पुढे द्यायचं, हे मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. म्हणून गाणं निवडताना त्याचा शेवट आधी बघा. या खेळात जाणकार म्हणून ज्याचं नाव होतं, त्याला खूप गाणी येत असतात असं नाही. तो पुढच्या माणसाला असं अक्षर देतो की त्याच्या तोंडून त्याचं आवडतं गाणं निघतं. ही गोष्ट तुम्ही दोन वर्षं बघितलेल्या सहा माणसांच्या बाबतीत सहज करू शकता. तिथे एन-३ आहे की एन-१, याने काही फरक पडत नाही.

शेवट बघायचा म्हणजे जपानी लिपीत लिहिलेला शेवट बघायचा, कानाला ऐकू येतो तो नव्हे. मराठी कान इथे हमखास फसतो. क्यू साकामोतो यांचं १९६१ चं ‘उए ओ मुइते आरुकोउ’ घ्या. हेच गाणं परदेशात ‘सुकियाकी’ नावाने गाजलं आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. कानाला त्याचा शेवट ‘को’ असा लांब ऐकू येतो, पण लिपीत शेवटचं अक्षर ‘उ’ आहे. म्हणजे हे गाणं ‘उ’ने सुरू होतं आणि ‘उ’वरच संपतं. चाल संथ, शब्द सोपे, आणि खोलीतल्या प्रत्येकाला येणारं. तुमच्या यादीत हे पहिलं असू द्या. ग्रीन या गटाचं २००८ चं ‘किसेकि’ तसंच: ‘कि’ने सुरू, ‘कि’वर शेवट. अशी गाणी मिळालेलं अक्षर जसंच्या तसं पुढे पाठवतात.

‘न्’ची धास्ती तुम्हाला आहेच, आणि ती रास्त आहे. आपल्याकडे ‘ण’ आला की आपण ‘न’वर भागवतो, ‘ळ’ आला की ‘ल’ घेतो आणि खेळ पुढे सरकतो. तिथे तशी पळवाट नाही. गंमत अशी की लोकांना सर्वात आवडणारी काही गाणी नेमकी याच कारणाने खेळातून बाद होतात. केन्शि योनेझु यांचं २०१८ चं ‘लेमन’ जपानी उच्चारात ‘रेमोन्’ होतं. स्पिट्झचं १९९५ चं ‘रोबिन्सोन्’, साकि कुबोता यांचं १९७९ चं ‘इहोउजिन्’, युमि आराइ यांचं १९७५ चं ‘सोत्सुग्योउ शाशिन्’ ही त्याच वाटेवरची. तुमच्या अकरांत यातलं एखादं असेल तर आजच बाजूला काढा. ते वाया जात नाही. खेळ संपल्यावर उरलेल्या वेळात मनमोकळं गाता येतं.

आणि तुमचं ते ‘रु’. जपानीत ‘रु’ने सुरू होणारे शब्द मुळातच कमी, त्यामुळे साध्या शब्दांच्या शिरितोरीतही ‘रु’ देऊन समोरच्याला कोंडीत पकडणं हा जुना डाव आहे. गाण्यांत मात्र ‘रु’वर संपणारी लोकप्रिय नावं भरपूर. योआसोबिची ‘योरु नि काकेरु’ (२०१९) आणि ‘आइदोरु’ (२०२३), शिंजि तानिमुरा यांचं ‘सुबारु’ (१९८०), मासाओ सेन यांचं ‘कितागुनि नो हारु’ (१९७७). म्हणजे ‘रु’ येणार, वारंवार येणार. त्याला उत्तरं मोजकीच आहेत, पण आहेत. अकिरा तेराओ यांचं ‘रुबी नो युबिवा’, आणि ‘रुपान सान्सेइ नो तेमा’. एक फसवं उत्तरही आहे: ‘रूजु नो देन्गोन्’. ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ या १९८९ च्या ॲनिमेशनपटात वापरल्यामुळे ॲनिमे बघणाऱ्या सगळ्यांना ते आठवतं, ‘रु’ मिळाल्याच्या आनंदात ते टॅबलेटवर टाकलंही जातं, आणि मग शेवटचं ‘न्’ लक्षात येतं. गेल्या वर्षी तुम्हाला काही सुचलं नाही, तसं ते अनेक जपानी लोकांनाही सुचत नाही. याबद्दल मनात काही ठेवू नका.

आता बुचोसान. तुम्ही लिहिलंत, ‘५८ वर्षांचे, म्हणजे एन्का.’ इथे जरा थांबू. आज ५८ वर्षांचा असलेला माणूस १९८० च्या सुमारास शाळेत होता. त्याच्या वर्गात सेइको मात्सुदांचं ‘आओइ सान्गोशोउ’ (१९८०) गुणगुणलं जात होतं. सदर्न ऑल स्टार्सचं ‘इतोशि नो एरी’ नुकतंच, १९७९ मध्ये, आलं होतं. एन्का त्याच्या आईवडिलांच्या पिढीची. त्यांना एन्का आवडतही असेल, माणसाला काहीही आवडू शकतं, पण वयावरून आपण लावलेला अंदाज इथे वीसएक वर्षांनी चुकतोय. आणि ‘रुबी नो युबिवा’ आलं १९८१ मध्ये. त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्यालाच मिळाला. खोलीतल्या सात जणांत ‘रु’ आल्यावर ज्याचे डोळे चमकतील असा एकच माणूस असेल, तर तो तुमचे बुचोसान. तेव्हा त्यांना ‘रु’ देणं हा उद्धटपणा नव्हे, उलट अगत्य आहे. फक्त एकदाच द्या. म्हटलेलं गाणं पुन्हा म्हणता येत नाही, त्यामुळे दुसऱ्यांदा दिलेलं ‘रु’ खरोखरच अडचणीत टाकेल. एरवी त्यांना ‘आ’, ‘इ’, ‘तो’ अशी मोकळी अक्षरं द्या. ‘इ’ द्यायला आकाइ तोरि या गटाचं १९७१ चं ‘त्सुबासा ओ कुदासाइ’ उत्तम. जपानी शाळांत ते समूहगीत म्हणून इतकं गायलं जातं की तुम्ही पहिली ओळ म्हणताच बाकीचे आपोआप साथ देतील, आणि सुरांची निम्मी जबाबदारी तुमच्या डोक्यावरून उतरेल. ‘तो’ द्यायचं तर मियुकि नाकाजिमांचं १९९२ चं ‘इतो’. दोनच अक्षरांचं नाव, चाल संथ, आणि तरुणांनाही माहीत, कारण नंतरच्या कितीतरी गायकांनी ते पुन्हा गायलं आहे.

साखळी कशी चालते ते एकदा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही ‘इतो’ म्हटलंत. ‘तो’वरून कुणी तेरेसा तेंगचं १९८६ चं ‘तोकि नो नागारे नि मि ओ माकासे’ घेतलं. ‘से’वरून स्मॅपचं ‘सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना’. ‘ना’वरून रिमि नात्सुकावा यांनी घराघरांत पोहोचवलेलं ‘नादा सोउसोउ’. ‘उ’ आलं, कुणी ‘उए ओ मुइते आरुकोउ’ म्हटलं, पुन्हा ‘उ’. तिथे टीममधल्या सर्वात लहान मुलाने आदोचं २०२० चं ‘उस्सेएवा’ आरडाओरडा करत म्हटलं. ‘वा’वरून फुजिफॅब्रिकचं ‘वाकामोनो नो सुबेते’, ‘ते’वरून बम्प ऑफ चिकनचं ‘तेन्ताइ कान्सोकु’, ‘कु’वरून एक्स जपानचं ‘कुरेनाइ’. १९६१ पासून २०२० पर्यंतची जपानी गाणी एका तासात एका खोलीत फिरून आली. एरवी पंचविशीतला पोरगा आणि अठ्ठावन्न वर्षांचे साहेब एकमेकांची गाणी ऐकायला कधी बसले असते? मला हा खेळ आवडतो तो यासाठी.

तुमच्यासाठी गाणी निवडायची तर सहा पुरे. वर सांगितलेली ‘उए ओ मुइते आरुकोउ’, ‘त्सुबासा ओ कुदासाइ’, ‘इतो’ आणि ‘किसेकि’ ही चार घ्या. त्यात यो हितोतो यांचं २००४ चं ‘हानामिझुकि’ आणि स्पिट्झचं १९९६ चं ‘चेरी’ घाला. वेगवान गाणी आत्ता नकोत. योआसोबीची गाणी ऐकायला गोड वाटतात, पण त्यातले शब्द इतके भराभर येतात की पडद्यावरची कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, वाचेपर्यंत ओळ निघून जाते. कांजीवर छोट्या अक्षरांत उच्चार दिलेले असतात, ते वाचायची सवय करा. शब्द पाठ करण्यापेक्षा ते जास्त कामाला येतं. त्यासाठी एखाद्या दिवशी दुपारी एकट्याने कराओकेला जा. एकट्याने गायला जाणं तिथे अगदी सर्रास आहे, काउंटरवर कुणी भुवई उंचावत नाही, आणि दिवसाचे दर रात्रीपेक्षा खूप कमी असतात. तिथेच स्वतःची पट्टीही शोधून ठेवा. पुरुषांची गाणी बायकांच्या गळ्याला धड वर बसत नाहीत, धड खाली. टॅबलेटवर पट्टी वर-खाली करायची सोय असते. ‘चेरी’साठी तुम्हाला ती लागेल. जो आकडा जमला तो गाण्याच्या नावापुढे फोनमध्ये लिहून ठेवा.

आता सहा गाणी आणि अक्षर भलतंच आलं तर? तर टॅबलेट शेजाऱ्याकडे द्या आणि विचारा, ‘या अक्षराने काय आहे?’ दोघांनी मिळून म्हणा. यात कमीपणा कसला? गटात कुणीतरी अडतं आणि कुणीतरी सुचवतं, यानेच खेळ हलता राहतो. आपल्या भेंड्यांत एकेकट्याने कधी कुणी खेळतं का? दोन गट असतात, आणि गटातली एखादी मावशी ऐन वेळी गाणं काढते म्हणूनच भेंडी चढत नाही.

त्या सहकाऱ्याच्या वाक्याबद्दलही बोलायला हवं, कारण पत्रात तुम्ही त्यावर बरंच लिहिलं आहे. ‘इंग्रजी गाणं म्हटलंस तरी चालेल’ याचा अर्थ तुम्ही ‘तुला जपानी येत नाही’ असा घेतलात. तो माणूस कसा आहे हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण कराओकेत जपानी माणसंही इंग्रजी गाणी म्हणतात, आणि शिरितोरीत ती चालतात, फक्त नाव जपानी उच्चाराने मोजायचं. कार्पेंटर्सचं ‘यस्टरडे वन्स मोअर’ तिथे ‘इ’ने सुरू होतं आणि ‘आ’वर संपतं. तेव्हा त्याने कदाचित खेळातलीच एक वाट दाखवली असेल. वर्षभरात त्याने दुसऱ्या कशात तुम्हाला कमी लेखलं असेल तर ती गोष्ट वेगळी, ती कराओकेच्या खोलीत सुटणारी नाही. तसं काही नसेल तर हे ओझं उतरवून टाका.

नियम सुरुवातीलाच विचारून घ्या, कारण ते प्रत्येक टोळक्यात वेगळे असतात. ‘चेरी’ किंवा ‘प्रिटेंडर’सारख्या नावांच्या शेवटी स्वर लांबवण्याची आडवी रेघ येते. तिथे रेघेआधीचं अक्षर धरायचं की त्यातला स्वर? ‘चेरी’चं पुढे ‘रि’ होणार की ‘इ’? लिसाचं ‘गुरेन्गे’ ‘गे’वर संपतं, तिथे ‘के’ चालणार का? ‘झान्कोकु ना तेन्शि नो तेझे’नंतर ‘झे’च हवं की ‘से’ घेता येईल? नावात कंस असेल तर कंसातला मजकूर मोजायचा का? पूर्ण गाणं म्हणायचं की पहिलं कडवं? टीममध्ये सर्वात नवख्या माणसाने हे प्रश्न विचारले की सगळ्यांनाच बरं वाटतं, कारण ते इतरांच्याही मनात असतात. शिवाय पहिल्या कडव्यावर थांबायचं ठरलं तर पाळ्या भराभर फिरतात आणि कुणावर एका गाण्याचा फार भार येत नाही. फक्त मग चारऐवजी सात-आठ पाळ्या येतील, हेही लक्षात ठेवा.

न जाण्याबद्दल विचारलंत. निजिकाई सक्तीची नसते. जेवणानंतर नम्रपणे निरोप घेऊन निघणारे दरवर्षी असतात आणि त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. थकला असाल, रात्रीची शेवटची गाडी गाठायची असेल, किंवा मुळात गाण्याची आवड नसेल, तर खुशाल घरी जा. पण तुम्ही अकरा गाणी पाठ केलीत. आवड नसलेली माणसं असं करत नाहीत. तुम्हाला जायचं आहे, फक्त गेल्या वर्षीसारखं व्हायला नको आहे. मधला रस्ताही आहे. पहिला तास थांबा, दोन पाळ्या घ्या आणि मग निघा. किंवा खेळातून बाहेर बसून खंजिरी वाजवा. बहुतेक खोल्यांत ती ठेवलेली असते, आणि नीट ठेका धरणाऱ्या माणसाला गाणाऱ्याइतकाच मान मिळतो. गळा बसलेला असेल त्या दिवशी हाच पर्याय सर्वात चांगला.

पुण्यात किंवा इतर कुठे जपानी शिकणाऱ्या, वर्गातल्या मित्रमैत्रिणींबरोबर असा खेळ खेळू बघणाऱ्या वाचकांना एक सांगते. तुमच्याकडे कराओके मशीन नसलं तरी बिघडत नाही. गाण्यांची नावं कागदावर जपानी लिपीत लिहून खेळा. लिहिताना लांब स्वराचं ‘उ’ आणि शेवटचं ‘न्’ कुठे येतं ते कायमचं डोक्यात बसतं. सुरुवातीला ‘न्’वर हरायचा नियम ठेवू नका, एखाद-दोन फेऱ्या झाल्या की मग आणा.

तुम्ही मात्र या रविवारी त्या सहा गाण्यांची नावं फोनमध्ये जपानी लिपीत लिहा, प्रत्येकापुढे शेवटचं अक्षर आणि ते अक्षर कुणाला द्यायला आवडेल त्याचं नाव. बुचोसानांच्या नावापुढे ‘आओइ सान्गोशोउ’साठी ‘आ’ लिहाल, तेव्हा एक गोष्ट लक्षात येईल: तुमच्या सहात ‘आ’वर संपणारं एकही गाणं नाही. सातवं गाणं हवंच असेल तर ते या जागेसाठी शोधा.